‘एशियाड’ गाडी, सव्वानऊ रुपये रोज आणि अहमदाबाद २०३०

एसटीची ‘एशियाड’ माहीत नाही असा पन्नाशीपुढचा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. हिरवी-पांढरी, निमआराम, दोन-दोन आसनांची गाडी. दादर-पुणे एशियाड ही तर एका अख्ख्या पिढीची सवय होती. पुढं महामंडळानं ‘हिरकणी’ असं छान नाव दिलं, पण स्टँडवर माणसं अजून ‘एशियाड लागली का?’ असंच विचारतात. आता या नावाचा अर्थ काय, हे कॉलेजातल्या पोरांना विचारून बघा. बहुतेकांना वाटतं, कुठल्या तरी कंपनीचं नाव असेल.

कंपनीचा काही संबंध नाही. १९८२ साली दिल्लीत नववे आशियाई खेळ झाले, त्याचं लोकांच्या तोंडी बसलेलं नाव ‘एशियाड’. त्या खेळांच्या वाहतुकीसाठी आपल्या एसटीनं खास गाड्या बांधून दिल्लीला पाठवल्या होत्या. खेळ संपले, गाड्या परत आल्या आणि महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावू लागल्या. नाव तेवढं कायमचं चिकटलं.

हे आज काढायचं कारण म्हणजे अहमदाबाद. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगोमध्ये २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचं यजमानपद अहमदाबादला मिळालं. १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टनला या स्पर्धा सुरू झाल्या, म्हणजे २०३० हे त्यांचं शंभरावं वर्ष. शिवाय डोळा आहे तो २०३६ च्या ऑलिंपिकवर. बातमी आल्यापासून समाजमाध्यमांवर दोनच सूर ऐकू येतात. एक, ‘देशाची मान उंचावली’. दुसरा, ‘पैशाची उधळपट्टी’. दोन्ही बाजूंनी जोरात भांडण चाललंय. पण आपल्या देशात अशी तयारी याआधी तीनदा झाली आहे आणि तिचा इतिहास या दोन्ही सुरांपेक्षा जास्त काही सांगतो. तो थोडा सविस्तर बघू. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

पहिली वेळ १९५१ ची. देश स्वतंत्र होऊन चार वर्षंही पुरी झाली नव्हती. फाळणीचे निर्वासित अजून दिल्लीत छावण्यांमध्ये होते. अशा वेळी पहिलेवहिले आशियाई खेळ भरवायचं दिल्लीनं अंगावर घेतलं. त्यामागं जिद्द होती गुरुदत्त सोंधी यांची. १९४९ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या पतियाळा हाउसमध्ये आशियाई क्रीडा महासंघ स्थापन झाला. खेळ १९५० मध्येच व्हायचे होते. तयारी पुरी होईना म्हणून ते पुढं ढकलले आणि शेवटी ४ ते ११ मार्च १९५१ या आठवड्यात पार पडले. ११ देश, ४८९ खेळाडू.

तयारी कशी केली बघा. स्टेडियम नवं बांधलंच नाही. ब्रिटिश काळातलं आयर्विन अँफिथिएटर होतं, तेच नीटनेटकं करून त्याला ‘नॅशनल स्टेडियम’ नाव दिलं. खेळाडूंना राहायला लष्कराच्या जुन्या बराकी दिल्या. कुणी नाक मुरडल्याची नोंद नाही. सचिन नाग यांनी १०० मीटर पोहण्यात भारताला आशियाई खेळांतलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. गरिबाघरचं कार्य होतं, पण नेटकं झालं.

आता १९८२.

यजमानपद १९७६ लाच मिळालं होतं. पण मध्ये जनता सरकारची वर्षं आली आणि कामाला काही गती येईना. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परत सत्तेवर आल्या, तेव्हा हातात उरली होती तीन वर्षांहून कमी. तिथून सुरू झाली लगीनघाई. नुकतेच खासदार झालेले राजीव गांधी स्वतः देखरेखीला उतरले. साठ हजारांवर प्रेक्षक बसतील असं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, आशियातल्या मोठ्यांपैकी एक म्हणता येईल असं इंद्रप्रस्थ इनडोअर स्टेडियम, तालकटोऱ्याचा तरणतलाव, तुघलकाबादची नेमबाजीची रेंज, उड्डाणपूल, हॉटेलं. अल्लाउद्दीन खिलजीच्या सिरी किल्ल्याच्या परिसरात वास्तुविशारद राज रेवाल यांनी खेळगाव उभारलं. ते आजही चांगल्या गृहरचनेचं उदाहरण म्हणून वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दाखवतात.

आणि टीव्ही! १५ ऑगस्ट १९८२ च्या लाल किल्ल्यावरच्या सोहळ्यापासून दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, ते मुख्यतः नोव्हेंबरातल्या खेळांवर नजर ठेवून. याच कामात हातभार लागावा म्हणून इन्सॅट-१ए उपग्रह एप्रिलमध्ये सोडला होता. तो सप्टेंबरातच निकामी झाला. ऐन वेळी दुसऱ्या सोयी कराव्या लागल्या, पण चित्र घरोघर पोचलं. १९ नोव्हेंबरला, इंदिराबाईंच्या वाढदिवशी, उद्घाटन झालं. पंडित रविशंकरांनी स्वागतगीताला संगीत दिलं होतं. अप्पू नावाचा हत्तीचा छावा पोरांचा लाडका झाला. हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं आपल्याला ७-१ असं धुतलं, ते दुःख लोक अजून विसरले नाहीत. पण एकूण ५७ पदकं आली, त्यात १३ सुवर्णं. पी. टी. उषा नावाची कोवळी मुलगी दोन रौप्यपदकं घेऊन देशाला माहीत झाली.

महाराष्ट्राचा वाटा नुसत्या बसगाड्यांचा नव्हता. शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीनं तिथं सुवर्ण मिळवलं. आणि त्याच मुंबईत, त्याच नोव्हेंबरात, गिरणगावाची धुराडी दहा महिने थंड होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप चालूच होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार, पगार नाही, घरातली भांडी मोडीत काढायची वेळ. एका बाजूला रंगीत टीव्हीवर नवा भारत, दुसऱ्या बाजूला लालबाग-परळच्या चाळींतला अंधार. १९८२ हे एकच वर्ष आहे, पण ते कुठून पाहता यावर ते कसं दिसेल हे ठरतं.

दिल्लीतही तसंच होतं. आता या पोस्टच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

ही स्टेडियमं, हे पूल, हे खेळगाव बांधलं कुणी? राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा भागांतून आणलेल्या हजारो मजुरांनी. त्यांना आणणारे होते ‘जमादार’. म्हणजे आपल्याकडं ऊसतोडीला जसा मुकादम असतो, तसा. सरकारी खात्यांनी काम ठेकेदाराला दिलेलं, ठेकेदारानं माणसं जमादाराकडून घेतलेली. किमान वेतन होतं रोजचे ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार तेवढे पैसे जमादाराच्या हातावर ठेवायचा. जमादार त्यातला १ रुपया कमिशन म्हणून कापून मजुराला ८ रुपये २५ पैसे द्यायचा. बायांना तर फक्त ७ रुपये.

एक रुपया म्हणजे काय, असं वाटेल. हिशेब करा. तीस दिवस काम केलं तर पुरुषाची तीन दिवसांहून जास्त मजुरी जमादाराच्या खिशात. बाईची सात दिवसांहून जास्त. महिन्यातला एक पूर्ण आठवडा ती दिल्लीच्या उन्हात फुकट पाट्या वाहत होती आणि त्या पाट्यांवर देशाची प्रतिष्ठा उभी राहत होती. चौदा वर्षांखालची पोरंही कामावर होती. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ लाच झाला होता, पण तो राबवायचे नियम दिल्लीत निघाले जून १९८२ मध्ये. म्हणजे बांधकाम जवळजवळ आटोपल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेनं तीन अभ्यासक पाठवून या सगळ्याची पाहणी केली आणि अहवालासह न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिलं. रीतसर याचिका नाही, साधं पत्र. सर्वोच्च न्यायालयानं तेच याचिका म्हणून दाखल करून घेतलं.

सरकारच्या बाजूनं जे मुद्दे आले, ते आज वाचले तरी ओळखीचे वाटतात. मजूर ठेकेदाराचे आहेत, आमचे नाहीत. हक्क मजुरांचा बुडाला असेल तर ही संघटना कोण लागून गेली? आणि मुलांचं म्हणाल तर १९३८ च्या बालकामगार कायद्याच्या यादीत बांधकाम हा व्यवसायच नाही!

१८ सप्टेंबर १९८२ ला, म्हणजे उद्घाटनाला बरोबर दोन महिने आणि एक दिवस उरला असताना, न्यायमूर्ती भगवती आणि न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांनी निकाल दिला. भारताच्या कामगार इतिहासातला हा एक मोठा निकाल आहे. सोप्या भाषेत त्याचा सारांश असा. काम सरकारचं असेल तर कामगार कायदे पाळले जातात की नाही हे बघणं सरकारचं कर्तव्य आहे, ते ठेकेदाराकडं बोट दाखवून सुटू शकत नाही. ज्याला कोर्टाची पायरी चढणं परवडत नाही, त्याच्या वतीनं दुसरा कुणी आला तरी कोर्ट ऐकेल. यादीत नाव असो वा नसो, बांधकाम हे धोक्याचंच काम आहे, म्हणून संविधानाच्या कलम २४ प्रमाणे तिथं चौदा वर्षांखालचं मूल लावता येणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे कलम २३ नं बंदी घातलेली वेठबिगारी. मजुरावर कुणी चाबूक उगारला नसेल, पण भुकेची जबरदस्ती ही जबरदस्तीच आहे.

आपल्या देशात जनहित याचिकेचं दार उघडणाऱ्या निकालांमध्ये याचं नाव पहिल्या काहींत येतं. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो ‘एशियाड कामगार खटला’ म्हणूनच शिकवतात. कोर्टानं कामाच्या ठिकाणांवर देखरेखीसाठी माणसं नेमली. पण तोवर बहुतेक काम उरकलं होतं. ज्यांच्यामुळं देशाला एवढा निकाल मिळाला, त्या मजुरांच्या पदरात त्यातलं थोडंच पडलं.

आता एशियाडचं मागं काय उरलं ते बघू. खेळगावातली घरं लोकवस्तीत गेली, चांगली नांदती आहेत. उड्डाणपूल आणि रस्ते दिल्ली आजही वापरते. रंगीत टीव्ही राहिला. आपल्या एसटी गाड्या राहिल्या. स्टेडियमांचं मात्र तसं झालं नाही. नेहरू स्टेडियम पुढच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी इतकं बदलावं लागलं की ते जवळजवळ नव्यानंच बांधलं म्हणायला हरकत नाही. १९५१ चं नॅशनल स्टेडियम आणि तालकटोऱ्याचा तलाव यांचीही तीच गत. आणि जयपूरजवळचा रामगढचा तलाव, जिथं १९८२ ला नौकानयनाच्या शर्यती झाल्या? पाणलोटातल्या अतिक्रमणांनी त्याच्याकडं येणारं पाणी अडलं आणि गेली बरीच वर्षं तो कोरडा पडलाय. जिथं आशियाभरच्या नावा धावल्या, तिथं जमिनीला भेगा. म्हणजे जे रोजच्या वापरात मिसळलं ते टिकलं आणि जे फक्त सोहळ्यासाठी होतं, त्यावर पुन्हा खर्च करावा लागला किंवा ते गेलं.

तिसरी वेळ २०१० ची, दिल्लीचीच. ती आठवणीत ताजी आहे, म्हणून थोडक्यात. ३ ते १४ ऑक्टोबरदरम्यान राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. दोन आठवडे आधी नेहरू स्टेडियमजवळचा बांधकाम चालू असलेला पादचारी पूल कोसळला, मजूर जखमी झाले. खेळाडूंनी १०१ पदकं मिळवली, आपली राष्ट्रकुलमधली आजवरची सगळ्यात मोठी कमाई, पण चर्चा राहिली ती घोटाळ्याच्या आरोपांची. आयोजन समितीचे अध्यक्ष आपल्या पुण्याचे खासदार, त्यामुळं पुण्यात तर विचारूच नका.

त्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. २८ वर्षांनी तीच संघटना पुन्हा कोर्टात गेली होती, याच तक्रारी घेऊन. दिल्ली उच्च न्यायालयानं समिती नेमली, तिच्यात माजी राजदूत अरुंधती घोष होत्या. समितीला काय दिसलं? किमान वेतन पुरतं मिळत नाही, राहायची सोय वाईट, आणि १९९६ च्या कायद्यानं बांधकाम मजुरांसाठी जे कल्याण मंडळ आणि उपकर आणला, त्याचा लाभ मिळायला नोंदणी लागते, ती बहुतेकांची झालेलीच नाही. १९८२ चा निकाल लायब्ररीत, जमादार जागच्या जागी.

पुण्याचंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, नेहमी दिल्लीलाच का नावं ठेवता? बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथंच राष्ट्रकुल युवा खेळ झाले, ७१ देश आले होते. बॅडमिंटनचं सुवर्ण जिंकणारी सायना नेहवाल तेव्हा अठराची होती. म्हणजे एकदा बांधलेलं चौदा वर्षांनी पुन्हा उपयोगी आलं, पुढं फुटबॉलची लीग आणि आंतरराष्ट्रीय टेनिसही तिथं रंगलं. हे चांगलंच झालं. पण संकुलाच्या शेजारच्या वस्तीतल्या पोराला संध्याकाळी तिथं पळायला मिळतं का, हा प्रश्न त्या बाजूला राहणाऱ्यांनीच खाली कमेंटमध्ये सांगावा. मला वाटतं, क्रीडासंकुलाची खरी परीक्षा तीच.

आता अहमदाबाद. तिथं बरीच तयारी आधीपासून आहे हे मान्य केलं पाहिजे. मोटेऱ्याचं १ लाख ३२ हजार प्रेक्षकांचं क्रिकेट स्टेडियम २०२० लाच उभं राहिलं. त्याच्याभोवती सरदार पटेलांच्या नावानं मोठा क्रीडा परिसर व्हायचाय. सप्टेंबर २०२५ मध्ये नारणपुऱ्याच्या संकुलाचं उद्घाटन झालं. वेळही हातात आहे, १९८० सारखी धावपळ करायची गरज नाही. त्यामुळं ‘जमणारच नाही’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जमेल.

प्रश्न कसं जमवायचं हा आहे. याच शहरात साबरमतीचा रिव्हरफ्रंट झाला तेव्हा काठावरची हजारो कुटुंबं उठली, काहींना गावाबाहेर कामधंद्यापासून लांब नेऊन टाकलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. अहमदाबादच्या बांधकामांवर आज काम करतात ते दाहोद, पंचमहाल आणि पलीकडच्या डुंगरपूर, बांसवाड्याचे आदिवासी मजूर. पाऊस संपला की पोराबाळांसह निघायचं, होळीला परतायचं. जमादाराचं नाव आता वेगळं असेल, पद्धत तीच.

आणि एक योगायोग बघा. यजमानपद जाहीर झालं २६ नोव्हेंबरला, म्हणजे संविधान दिनाला. त्याच्या बरोबर पाच दिवस आधी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. १९८२ चा निकाल ज्या कायद्यांचा आधार घेऊन उभा होता, म्हणजे किमान वेतन कायदा, समान मोबदला कायदा, कंत्राटी कामगार कायदा, आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, ते सगळे या संहितांमध्ये विलीन झाले. त्यात चांगलंही आहे. किमान वेतनाचा हक्क आता ठरावीक उद्योगांपुरता न राहता सगळ्या कामगारांना मिळाला. पण कंत्राटी कामगारांच्या तरतुदी पूर्वी २० माणसांच्या ठेकेदाराला लागू होत, त्या आता ५० पासून पुढं लागू होतील. ज्यानं बांधकामाची साइट जवळून पाहिलीय त्याला याचा अर्थ सांगायला नको. मोठ्या कामाचे तुकडे करून तीस-चाळीस माणसांच्या टोळ्या लावणं काही अवघड नसतं.

कलम २३ मात्र जागेवर आहे. ते कुठल्या संहितेत विलीन होत नाही. १९८२ चा निकालही जागेवर आहे.

म्हणून २०३० पर्यंत पदकांचे आणि कोटींचे आकडे ऐकताना तीन साध्या गोष्टी विचारत राहू या. प्रत्येक साइटच्या फाटकावर तिथल्या मजुरीचा दर, मूळ कंत्राटदाराचं नाव आणि तक्रारीचा नंबर मजुराला वाचता येईल अशा भाषेत लावलाय का? पैसे थेट मजुराच्या खात्यात जातात का, आणि बाईचे बाईच्याच खात्यात? आणि जे उठवले जातील त्यांना दुसरं घर कामापासून किती किलोमीटरवर मिळालं? हे विचारायला खेळांच्या विरोधात असावं लागत नाही. उलट ज्याला खेळ नीट व्हावेत असं वाटतं, त्यानंच हे आधी विचारायला हवं. कारण १९८२ ला निकाल उद्घाटनाच्या दोन महिने आधी आला आणि २०१० ला समिती सात-आठ महिने आधी आली. दोन्ही वेळा उशीर झाला होता. यावेळी चार वर्षं हातात आहेत.

तुमच्यापैकी कुणी एसटीत होतं का, किंवा कुणाचे वडील-काका १९८२ साली त्या गाड्या घेऊन दिल्लीला गेले होते का? असतील तर आठवणी जरूर लिहा. खेळाडूंच्या आठवणी पुष्कळ छापल्या गेल्यात. गाडी चालवणाऱ्यांच्या आणि पाट्या वाहणाऱ्यांच्या कुणी फारशा विचारल्या नाहीत.

#एशियाड #इतिहास #अहमदाबाद२०३०